स्फटिकाच्या अंतरंगात

स्वयंपाकघरातील मिठाच्या खड्याकडे कोणी कुतूहलाने पाहत नाही. परंतु मिठाचे दोन-चार कण काळ्या कागदावर ठेवून भिंगातून न्याहाळले, तर मोठी मौज दिसते. त्यांतील पुष्कळ कण इवल्याशा ठोकळ्यांसारखे असतात. त्यांच्या बाजू सपाट आणि कोपरे काटकोनी असतात. मोठा खडा फोडला, तरी त्याचे तुकडे पुन्हा तशाच सपाट बाजूंचे निघतात. खडीसाखर, तुरटी, मोरचूद ह्यांचेही असेच. प्रत्येकाचा आकार निराळा, पण नेमका ठरलेला. अशा पदार्थांना स्फटिक म्हणतात. कोणाही कारागिराचा हात न लागता त्यांना हा रेखीवपणा कसा येतो, हे कोडे माणसाला फार दिवसांपासून पडले होते.

सर्व पदार्थ अणूंचे बनलेले असतात, आणि स्फटिकात हे अणू भिंतीतील विटांप्रमाणे थरावर थर रचलेले असावेत, असा तर्क विद्वानांनी केला होता. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. अणू इतके लहान की, त्या काळच्या उत्तमातील उत्तम सूक्ष्मदर्शकाचीही दृष्टी तेथवर पोहोचत नसे. पुढे १९१३ साली इंग्लंडमधील लीड्स ह्या शहरी एका प्राध्यापकाने एक उपकरण बनविले. एका लहानशा फिरत्या मंचावर स्फटिक बसवावयाचा, त्यावर क्ष-किरण सोडावयाचे, आणि स्फटिक किती अंशांनी वळला म्हणजे किरण जोराने परततात ते काळजीपूर्वक मोजावयाचे, असे त्या उपकरणाचे काम होते. ह्या साध्या दिसणाऱ्या मोजमापातून स्फटिकाचे अंतरंग उलगडले. त्या प्राध्यापकांचे नाव विल्यम हेन्री ब्रॅग.

ब्रॅग ह्यांचा जन्म २ जुलै १८६२ रोजी इंग्लंडच्या उत्तरेस, कंबरलंड परगण्यातील विग्टन गावाजवळ झाला. त्यांचे वडील पूर्वी व्यापारी जहाजांवर अधिकारी होते. पुढे त्यांनी समुद्र सोडून शेती पत्करली. आई एका धर्मोपदेशकाची कन्या होती. विल्यम सात वर्षांचा झाला न झाला तोच आईचे छत्र हरपले. तेव्हा मार्केट हार्बरो ह्या गावी औषधांचे दुकान चालविणाऱ्या चुलत्यांनी त्याला आपल्या घरी नेले. चुलते करड्या शिस्तीचे होते. पण शिक्षणाची त्यांना मनापासून आवड होती. गावातील जुनी बंद पडलेली शाळा त्यांनी खटपट करून पुन्हा सुरू केली होती. त्याच शाळेत विल्यमच्या अभ्यासाचा पाया घातला गेला. पुढे आइल ऑफ मॅन बेटावरील किंग विल्यम्स कॉलेजात त्याचे शिक्षण झाले.

मुलगा अबोल, पण अभ्यासात हुशार होता. गणित हा त्याचा आवडता विषय. शिष्यवृत्ती मिळवून तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला, आणि १८८४ साली गणिताच्या अत्यंत कठीण परीक्षेत त्याने साऱ्या विद्यापीठात तिसरा क्रमांक मिळविला. ह्या यशामुळे, वयाची अवघी २३ वर्षे झाली असता, त्याला ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळाली.

ही जागा एकट्या गणिताची नव्हती. तेथे गणिताबरोबर पदार्थविज्ञानही शिकवावयाचे होते, आणि तेही प्रयोग करून दाखवून. ब्रॅग ह्यांचा पदार्थविज्ञानाचा अभ्यास तेव्हा अगदी तोकडा होता. दुसरा एखादा ह्या विचारानेच गांगरला असता. ब्रॅग ह्यांनी जहाजावर चढताना विद्युतशास्त्राचे पुस्तक बरोबर घेतले आणि त्या लांबच्या सागरप्रवासात ते वाचून काढले. १८८६ साली ते अ‍ॅडलेडला रुजू झाले.

तेथे पोहोचल्यावर दुसरी अडचण समोर आली. विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत अशी उपकरणे प्रयोगशाळेत पुरेशी नव्हती. इंग्लंडहून मागवावीत, तर पैसा हवा आणि महिनोगणती वाटही पाहावयास हवी. तेव्हा ह्या तरुण प्राध्यापकाने जे केले ते मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगे आहे. उपकरणे बनविणाऱ्या एका कारखान्यात ते स्वतः उमेदवार म्हणून शिकू लागले. पितळ कसे कातावे, आस सरळ कसा बसवावा, काच कशी घासावी, हे त्यांनी कारागिरांकडून शिकून घेतले, आणि आपल्या विद्यार्थ्यांसाठी लागणारी उपकरणे स्वतःच्या हातांनी तयार केली. केंब्रिजमध्ये नाव मिळविलेल्या गणितज्ञाला हातात कानस धरण्याची लाज वाटली नाही. त्या दिवसांत हातांना जी सवय लागली, तिचे फळ सत्तावीस वर्षांनी पदरात पडावयाचे होते.

अ‍ॅडलेडमध्ये ब्रॅग रमले. ते टेनिस आणि गॉल्फ खेळत, चित्रे रंगवीत. त्या प्रांताचे ज्योतिर्विद आणि टपाल-तार खात्याचे प्रमुख चार्ल्स टॉड ह्यांच्या ग्वेंडोलिन नावाच्या कन्येशी १८८९ साली त्यांचा विवाह झाला. पुढील वर्षी त्यांना पहिला मुलगा झाला. त्याचे नाव विल्यम लॉरेन्स. घरात व जगात तो लॉरेन्स ह्याच नावाने ओळखला गेला. दुसरा मुलगा रॉबर्ट १८९२ साली जन्मला, आणि पुष्कळ वर्षांनी एक मुलगीही झाली.

१८९५ च्या अखेरीस जर्मनीत राँटगेन ह्यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. हे किरण मांसातून सहज आरपार जातात, हाडांकडून मात्र अडविले जातात. ही वार्ता कळताच ब्रॅग ह्यांनी अ‍ॅडलेडमध्ये क्ष-किरण निर्माण करण्याची साधने जुळविली. त्याच सुमारास लहानगा लॉरेन्स आपल्या तीन चाकी सायकलवरून पडला आणि त्याच्या कोपराचे हाड मोडले. वडिलांनी त्याला अंधाऱ्या खोलीत नेऊन त्याच्या कोपराचे क्ष-किरण छायाचित्र घेतले. यंत्राची तडतड आणि निळसर ठिणग्या पाहून पोर भ्याले होते. पण छायाचित्रात मोडलेले हाड स्पष्ट दिसले. ज्या किरणांना ते बालक त्या दिवशी घाबरले, त्याच किरणांच्या साह्याने पुढे बाप-लेकांनी स्फटिकांचे रहस्य उकलले.

आश्चर्याची गोष्ट ही की, वयाच्या चाळिशीपर्यंत ब्रॅग ह्यांच्या नावावर महत्त्वाचे असे एकही संशोधन नव्हते. ते उत्तम शिक्षक म्हणून प्रसिद्ध होते, एवढेच. १९०४ साली न्यूझीलंडमधील एका विज्ञानसभेत त्यांना अध्यक्षीय भाषण करावयाचे होते. त्या भाषणाच्या तयारीसाठी त्यांनी किरणोत्सर्गी पदार्थांविषयी नवे लेख वाचले आणि त्यांच्या मनात प्रश्न उभे राहिले. पुस्तकांत उत्तरे मिळेनात, म्हणून त्यांनी स्वतः प्रयोग आरंभिले. थोड्याच वर्षांत त्यांचे नाव युरोपात पोहोचले. १९०७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासदत्व दिले, आणि १९०९ साली लीड्स विद्यापीठाच्या बोलावण्यावरून ते सहकुटुंब इंग्लंडला परतले.

लीड्समधील पहिली वर्षे कष्टाची गेली. अ‍ॅडलेडच्या उन्हाची सवय झालेल्या कुटुंबाला कारखान्यांच्या धुराने काळवंडलेले ते शहर परके वाटे. त्यातच ब्रॅग एका मोठ्या वादात गुंतले होते. क्ष-किरण हे आहेत तरी काय, हा तो वाद. काही शास्त्रज्ञांच्या मते त्या प्रकाशासारख्या लहरी होत्या. ब्रॅग ह्यांचे मत उलट होते. क्ष-किरण म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा मारा होय, असे ते सांगत, आणि त्यांच्याजवळ त्याला प्रयोगांचा आधारही होता. आपल्या मतासाठी ते काही वर्षे लेखणीने झुंजत होते.

१९१२ साली ह्या वादाला अनपेक्षित कलाटणी मिळाली. जर्मनीतील म्यूनिक शहरी माक्स फोन लाउए ह्यांच्या सूचनेवरून फ्रीड्रिख आणि क्निपिंग ह्या दोन तरुणांनी स्फटिकातून क्ष-किरण सोडले. मागे ठेवलेल्या छायाचित्राच्या काचेवर ठिपक्यांची एक सुबक नक्षी उमटली. क्ष-किरण हे लहरी असतील, तरच अशी नक्षी उमटणे शक्य होते, असे लाउए ह्यांचे म्हणणे होते. ही बातमी ब्रॅग ह्यांना उन्हाळ्याच्या सुटीत यॉर्कशरच्या समुद्रकाठी एका पत्रातून कळली. लॉरेन्स तेव्हा २२ वर्षांचे असून केंब्रिजमध्ये शिकत होते आणि सुटीसाठी घरी आले होते. कणांची कल्पना कायम ठेवून ह्या ठिपक्यांचा अर्थ लावता येईल का, ह्याचा विचार पिता-पुत्रांनी मिळून केला.

सुटी संपवून लॉरेन्स केंब्रिजला परतले. विचार करता करता त्यांच्या ध्यानात आले की, अर्थ लागतो तो लहरींनीच. मात्र तो लाउए ह्यांच्या रीतीहून फार सोपा आहे. स्फटिकातील अणूंचा प्रत्येक थर एखाद्या पुसट आरशासारखे काम करतो आणि त्यावरून क्ष-किरणांचा थोडा थोडा भाग परततो. वरच्या थरावरून परतलेल्या लहरी आणि खालच्या थरांवरून परतलेल्या लहरी जुळल्या, तरच किरण जोरदार होतो. न जुळल्या, तर त्या एकमेकींना मारून टाकतात. शंभर मुले लेझीम खेळत असताना सर्वांचा ठेका जुळला, तर एकच मोठा झणत्कार उठतो. पण प्रत्येकाने आपापल्या लयीने वाजविले, तर नुसता कलकलाट होतो. तसाच हा प्रकार आहे. हा ठेका जुळण्यासाठी किरण विशिष्ट कोनातच स्फटिकावर पडावा लागतो. थर जितके एकमेकांजवळ असतील, तितका हा कोन मोठा. म्हणून कोन नेमका मोजला की, थरांमधील अंतर गणिताने काढता येते. हा नियम ११ नोव्हेंबर १९१२ रोजी केंब्रिजच्या विद्वत्सभेपुढे मांडला गेला. आज तो ब्रॅगचा नियम म्हणून जगभर शिकविला जातो.

मुलाचा हा शोध वडिलांनी वर्षानुवर्षे जपलेल्या मताच्या विरुद्ध जाणारा होता. आपले मत खोटे ठरत आहे, आणि तेही आपल्याच मुलाकडून, हे पाहून एखाद्याचा अहंकार दुखावला असता. ब्रॅग ह्यांनी तसे होऊ दिले नाही. लहरींचा पुरावा त्यांनी मान्य केला. मात्र आपल्या जुन्या प्रयोगांत जे दिसले होते तेही त्यांनी टाकून दिले नाही. ह्यापुढे दोहोंपैकी एक मत निवडत बसण्यापेक्षा दोहोंना सामावून घेणारी कल्पना शोधली पाहिजे, अशी भूमिका त्यांनी घेतली. पुढील काळात विज्ञानाने हीच दिशा धरली. क्ष-किरणांच्या अंगी लहरींचे आणि कणांचे असे दोन्ही गुण आहेत, असे आज मानले जाते.

मत मान्य करून ब्रॅग स्वस्थ बसले नाहीत. मुलाने नियम दिला होता. आता कोन नेमका मोजणारे साधन हवे होते. येथे अ‍ॅडलेडच्या कारखान्यातील ती उमेदवारी कामास आली. १९१३ च्या आरंभी त्यांनी क्ष-किरणांच्या वर्णपटमापकाची आखणी केली, आणि लीड्सच्या कर्मशाळेतील जेन्किन्सन ह्या कुशल कारागिराने तो घडविला.

त्या उपकरणाची रचना समजावून घेण्यासारखी आहे. एका शिशाच्या पेटीत क्ष-किरणांची नळी असे. पेटीच्या अरुंद फटीतून किरणांची एक बारीक शलाका बाहेर येई. समोर एका उभ्या आसाभोवती फिरणारा लहान मंच होता. त्यावर स्फटिक मेणाने चिकटवीत. त्याच आसाभोवती फिरणाऱ्या एका दांड्यावर, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची, नळकांड्याच्या आकाराची एक बंद कोठी बसविलेली होती. कोठीत वायू भरलेला असे. परतलेले क्ष-किरण कोठीत शिरले की, त्या वायूतून वीज वाहू लागे. ह्या विजेने एका नाजूक यंत्रातील सोन्याचे पातळ पान हले. पान किती हलले, हे सूक्ष्मदर्शकातून पाहावयाचे, आणि मंच व कोठी किती अंशांवर आहेत, हे खुणा केलेल्या वर्तुळावरून वाचावयाचे. पान जेथे सर्वांत अधिक हले, तेथे लहरींचा ठेका जुळला, असे समजावयाचे.

उन्हात आरसा धरून भिंतीवर कवडसा पाडण्याचा खेळ आपण सर्वांनी खेळलेला असतो. आरसा किंचित वळविला, तरी कवडसा झर्रकन पुष्कळ दूर जातो. ह्याचे कारण असे की, आरसा १० अंश वळला, तर परतलेला किरण २० अंश वळतो. स्फटिकाचेही तसेच. म्हणून ब्रॅग ह्यांच्या उपकरणात स्फटिक जितका वळवावयाचा, त्याच्या दुप्पट कोठी वळवावी लागे. नाहीतर परतलेला किरण कोठीच्या तोंडाला चुकवून भलतीकडे निघून जाई.

ह्या कामात अचूकपणाच सर्वस्व होता. जात्याचा आस सैल असला, तर वरची तळी डगमगते आणि पीठ जाडेभरडे पडते. कुंभाराने मातीचा गोळा चाकाच्या मधोमध ठेवला नाही, तर मडके वाकडे होते. मडके वाकडे झाले, तर डोळ्यांना दिसते तरी. पण स्फटिक आसावरून केसभर सरकला किंवा किंचित तिरपा बसला, तर डोळ्यांना काहीच कळत नाही आणि हाती येणारा कोन मात्र चुकतो. कोन चुकला की अंतर चुकले, आणि अंतर चुकले की अणूंची सारी रचनाच चुकली. त्यातच त्या काळच्या क्ष-किरणांच्या नळ्या लहरी स्वभावाच्या. कधी जोराने चालत, कधी मंदावत. म्हणून एकेक अंश, अंशाचा एकेक लहान भाग पुढे सरकत, तेच मोजमाप पुन्हा पुन्हा घेऊन पडताळावे लागे.

१९१३ चा उन्हाळा पिता-पुत्रांनी ह्याच कामात घालविला. पुष्कळदा रात्री उशिरापर्यंत दोघे प्रयोगशाळेत असत. मिठाची रचना लॉरेन्स ह्यांनी मांडली, आणि वडिलांच्या उपकरणावरील मोजमापांनी तिला पक्का आधार दिला. मिठात सोडियम आणि क्लोरीन ह्यांचे अणू बुद्धिबळाच्या पटावरील काळ्यापांढऱ्या घरांप्रमाणे एकाआड एक असतात. मात्र हा पट सपाट नसून पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली असा तिन्ही बाजूंनी पसरलेला असतो. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. मिठाचे कण ठोकळ्यासारखे का असतात, ह्याचे उत्तर असे मिळाले. अणूंचे हे थर इतके दाट असतात की, मिठाच्या एक सेंटिमीटर जाडीत ते सुमारे ३.५ कोटी भरतात.

ह्या शोधाने एक जुनी समजूत मोडली. एक सोडियम आणि एक क्लोरीन ह्यांची जोडी, म्हणजेच मिठाचा एक रेणू, अशा असंख्य जोड्यांचे मीठ बनलेले असते, असे रसायनशास्त्रज्ञ मानीत आले होते. मिठाच्या खड्यात अशी वेगळी जोडी कोठेच सापडेना. हे कित्येक जुन्या विद्वानांना रुचले नाही. आर्मस्ट्राँग ह्या वयोवृद्ध रसायनशास्त्रज्ञांनी १९२७ सालीदेखील ह्या कल्पनेची थट्टा केली. परंतु कोन मोजणाऱ्या उपकरणाची साक्ष थट्टेने खोटी ठरत नाही. मिठापाठोपाठ हिऱ्याचीही रचना उलगडली. हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू इतर चार अणूंशी सारख्याच बळकटपणे जोडलेला असतो. म्हणून हिरा इतका कठीण असतो.

ह्या यशाला एक नाजूक बाजू होती. वडील प्रख्यात प्राध्यापक आणि मुलगा कोवळा विद्यार्थी. तेव्हा नियमही वडिलांनीच शोधला असावा, असे लोक सहज धरून चालत. सभांचे निमंत्रण वडिलांना येई आणि शोधाची हकीकतही वडीलच सांगत. लॉरेन्स ह्यांच्या मनाला हे लागे. ब्रॅग ह्यांनी आपल्या लेखांत व भाषणांत नियमाचे श्रेय मुलालाच दिले; तरी लोकांची समजूत सहजासहजी बदलेना. १९१३ च्या शरद ऋतूत ब्रसेल्स येथे भरलेल्या नामांकित शास्त्रज्ञांच्या परिषदेस वडील उपस्थित होते. तेथून आइन्स्टाईन, मेरी क्यूरी, लोरेंट्स, रुदरफोर्ड आदींच्या सह्यांचे एक अभिनंदनाचे कार्ड लॉरेन्स ह्यांना पाठविण्यात आले. पुढे दोघांनी आपापली क्षेत्रेही वाटून घेतली. खनिजांकडे मुलाने लक्ष द्यावे आणि कार्बनयुक्त पदार्थांच्या स्फटिकांकडे वडिलांनी, असे ठरले. एकमेकांवर माया असूनही प्रत्येकाला स्वतःची वाट हवी असते, हे दोघांनीही ओळखले होते.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. दोन्ही मुलगे सैन्यात गेले. धाकटा रॉबर्ट सप्टेंबर १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मरण पावला. ह्या घावानंतर दोनच महिन्यांनी, त्या वर्षीचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक विल्यम आणि लॉरेन्स ह्या पिता-पुत्रांना मिळून जाहीर झाले. लॉरेन्स तेव्हा २५ वर्षांचे होते. विज्ञानातील नोबेल पारितोषिक इतक्या लहान वयात त्यांच्याआधी किंवा त्यांच्यानंतर कोणालाही मिळालेले नाही. ते युद्धआघाडीवर शत्रूच्या तोफा आवाजावरून हुडकून काढण्याच्या कामावर होते. घरात एका मुलाचे दुःख आणि दुसऱ्या मुलाचा गौरव एकदमच आले. ब्रॅग ह्यांनी आपले दुःख कामात लोटले. पाण्याखाली लपून येणाऱ्या पाणबुड्यांचा आवाज ऐकून त्यांचा माग काढणारी साधने तयार करण्यास त्यांनी स्वतःला वाहून घेतले.

युद्ध संपल्यावर ब्रॅग पुन्हा आपल्या स्फटिकांकडे वळले. १९२० साली त्यांना सर ही पदवी मिळाली आणि १९२३ साली ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या विख्यात संस्थेचे प्रमुख झाले. तेथे त्यांनी होतकरू तरुणांना जवळ केले. मुलींना प्रयोगशाळेत प्रवेश मिळणे कठीण असे, त्या काळात त्यांनी मुलींनाही मोकळेपणाने संशोधनाची संधी दिली. त्यांच्या विद्यार्थिनी कॅथलीन लॉन्सडेल ह्या पुढे स्फटिकशास्त्रात नामवंत झाल्या. दुसरे विद्यार्थी बर्नाल ह्यांनी शिसपेन्सिलीतील ग्राफाइटची रचना १९२४ साली उलगडली. ग्राफाइट आणि हिरा दोन्ही शुद्ध कार्बनच; पण ग्राफाइटचे थर एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून ते कागदावर उमटते.

बर्नाल ह्यांनी स्फटिक फिरविण्याचे साधनही सुधारले. काही स्फटिक वाळूच्या कणाएवढेच असतात. असा कण पातळ काचेच्या काडीच्या टोकाला चिकटवावयाचा. मग लहान लहान स्क्रू फिरवून तो पुढे-मागे सरकवावयाचा, कमानींवरून तिरपा करावयाचा, आणि तो बरोबर आसावर आला की, सावकाश फिरवीत त्याचे छायाचित्र घ्यावयाचे. स्फटिक कसाही फिरला, तरी तो किरणांच्या शलाकेतून ढळता कामा नये, हेच ह्या साधनाचे सारे कसब. आज हे काम यंत्रे आणि संगणक करतात. परंतु मूळ तत्त्व तेच राहिले आहे.

ब्रॅग मुलांना फार आवडत. नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्याने देण्याची फॅरडे ह्यांच्या काळापासून चालत आलेली प्रथा रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये होती. ब्रॅग ह्यांनी ही व्याख्याने चार वेळा दिली. अणूंच्या जागी गोळे घेऊन ते स्फटिकांच्या प्रतिकृती रचून दाखवीत आणि अवघड विषय सोपा करीत. त्यांच्या व्याख्यानांचे एक पुस्तक डोरोथी नावाच्या एका शाळकरी मुलीच्या हाती तिच्या आईने दिले. ते वाचून, क्ष-किरणांनी अणू पाहता येतात ह्या कल्पनेने ती भारून गेली. हीच मुलगी पुढे डोरोथी हॉजकिन म्हणून विख्यात झाली. पेनिसिलीन, ब-१२ जीवनसत्त्व आणि मधुमेह्यांना जीवनदान देणारे इन्शुलिन ह्यांच्या रचना तिने स्फटिकांवरूनच उलगडल्या, आणि १९६४ साली तिला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९३५ ते १९४० ह्या काळात ब्रॅग रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. सन्मान वाढत गेले, तरी त्यांचा साधेपणा ढळला नाही. १२ मार्च १९४२ रोजी लंडन येथे त्यांनी देह ठेवला.

ब्रॅग ह्यांना उपजत गणित येत होते. पण हातांचे कसब त्यांनी कष्टाने मिळविले. आपले मत त्यांनी हिरिरीने मांडले, आणि मोजमापाने निराळे दाखविले तेव्हा ते नम्रपणे बदलले. स्फटिकाला आसावर नेमका बसविल्यावाचून तो आपले रहस्य सांगत नाही. सत्याचा शोध घेणाऱ्या माणसाचेही तसेच आहे. त्याचे मन अहंकाराने तिरपे झालेले असेल, तर समोर असलेले सत्यही त्याला दिसत नाही. ब्रॅग ह्यांनी आपले उपकरण आणि आपले मन दोन्ही सरळ ठेवले. म्हणूनच ज्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, त्या मिठाच्या खड्याने आपले अंतरंग त्यांच्यापुढे उघडे केले.